माझ्या पोटातलं टोक

मी चिंध्यांचा चेंडू बोलतोय. लहान पोरांचे कोट शिवणाऱ्या कारखान्यात, मशीनखालच्या कचऱ्यातून माझा जन्म झाला, आणि तोही कुणाच्या तरी घोरण्यामुळे.

जेवणाच्या सुट्टीत बटणं लावणारी बुटकी भिंतीला टेकून घोरायची. मशीनवर शिवणाऱ्या फटाकडीला ते बघवेना. तिने चार चिंध्या गुंडाळून तिच्या नाकावर मारल्या. बुटकीने त्या रागाने भिरकावल्या, त्या टांगलेल्या कोटांच्या रांगेवरून थेट इस्त्रीवाल्या मावशीच्या डोक्यात. मावशीने मला इलास्टिकने आवळलं आणि न बघता परत फेकलं. "झेला आता, भवान्यांनो."

असा 'पलीकडची' हा खेळ निघाला. कोटांवरून फेकायचं, पलीकडचीने एका हाताने झेलायचं. जिच्या हातून पडलो तिने तिघींचे डबे घासायचे. दिवसभर मान खाली घालणाऱ्या बायकांना वर बघायला काहीतरी अंगावर यावं लागतं. कारखान्यात फेकाफेकीला बंदी, म्हणून साहेबाला पत्ता लागू दिला नव्हता.

परवा मी ढिला पडलो होतो. फटाकडीने माझ्यासाठी चिंध्या वेचून पायाशी पिशवीत दडवल्या होत्या. सुट्टीच्या तोंडावर तिची सुई कट्कन मोडली आणि टोक उडालं.

टोक म्हणजे खेळ नव्हे. कोटाच्या अस्तरात राहिलं तर कुणाच्या तरी लेकराच्या पाठीत जाईल. फटाकडीचं एक टोक मागेही हरवलं होतं. मोडकी सुई बघून साहेब आवाज न चढवता म्हणाला, सुट्टी संपायच्या आत टोक माझ्या हातावर ठेव, नाही तर उद्यापासून येऊ नकोस. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

तिघींनी फरशीवर लोहचुंबक फिरवलं, मशीन उघडलं, कोट झटकले. पिशवीकडे कुणी बघितलं नाही. दडवलेली वस्तू माणूस शोधतानाही दडवूनच ठेवतो.

शेवटी फटाकडी मशीनपाशी बसली. रिकाम्या हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने पिशवीतल्या चिंध्या माझ्यावर गुंडाळल्या. पिशवीत उडून पडलेलं टोक त्यांच्यासोबत माझ्या पोटात शिरलं. मला कळलं, पण सांगू कुणाला?

"फेक," पलीकडून मावशी म्हणाली. "रडून सुई उगवत नाही. डोकं जरा निवू दे, मग पुन्हा शोधू."

मी उडालो. टोचलो नाही तर फटाकडी घरी बसणार. टोचलो आणि डोळ्यात गेलो तर? बुटकीला मला तोंडाशी धरून झेलायची खोड. तिने गालावरच धरलं. टोक दुसऱ्या अंगाला होतं, म्हणून वाचली. तिने परत फेकलं, मी फटाकडीच्या बोटांवर आपटलो, टोक आतच राहिलं. जिन्यावर साहेबाचे बूट वाजायला लागले. घाईघाईत फटाकडीने मला शेवटचं उंच उडवलं आणि मावशीने करकचून दाबून झेललं.

मावशी मला घेऊन कोटांखालून वाकून इकडे आली. तळव्यावर रक्ताचा थेंब होता.

"अगं बये," ती हळूच म्हणाली, "तुझी नोकरी याच्या पोटात आहे."

बुटकी कुजबुजली, टोक काढून घे, फरशीवर मिळालं म्हण. फटाकडी म्हणाली, कोटात नव्हतं हे त्याला दिसू दे. साहेबासमोरच तिने कात्रीने मला फाडलं. साहेबाने टोक मोडक्या सुईला लावून बघितलं. जुळलं.

"आणि हे काय?"

"चेंडू. चिंध्या तुमच्या कचऱ्यातल्या, खेळ आमचा. टोकासाठी मला काढणार होतात, ते मिळालं. खेळासाठी काढायचं तर तिघींना काढा."

"मग इस्त्री तुम्हीच फिरवा," मावशी मागून म्हणाली.

साहेबाने इस्त्रीकडे आणि टांगलेल्या कोटांच्या रांगेकडे बघितलं. मग मला कचऱ्याच्या पोत्यात टाकून म्हणाला, मशीनवर बसा.

आता मी पोत्यात आहे, पोट उसवलेलं. उद्या पोतं उचलतील, गाद्यांत भरायला नेतात म्हणे. वाईट वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. पण फटाकडीचं मशीन धडधडतंय, आणि आज सुट्टीत कोटांपलीकडे कुणीतरी धप्पकन झेलला गेला. माझा धाकटा भाऊ असणार.

बायांनो, खुशाल फेका. पण चिंधी आधी झटका, मग बांधा. दर वेळी मावशीचा राठ तळवाच मध्ये येईल असं नाही.