ओला राहिलेला स्वेटर

मित्रांनो, माझ्या कोपरांकडे बघू नका, तिथे कसर लागली आहे. मी एक जुना, निळ्या लोकरीचा स्वेटर आहे. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरातल्या आयव्हीने लग्नाआधी मला सिरिलसाठी विणलं. वीण इतकी घट्ट, की वाराही आत शिरत नसे. सिरिल मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी होता. त्याचा बापही खलाशीच, आणि तो समुद्रातच राहिला. मला घालून सिरिल पार आइसलंडपर्यंत जाऊन आला. मीठ, तंबाखू, माशांचं तेल, सगळं माझ्यात मुरलं. काय तोरा होता तेव्हा माझा!

मग दुसरं महायुद्ध आलं. नौदलाने ट्रॉलरवर एक तोफ बसवली आणि आम्हाला माशांऐवजी समुद्रातले पाणसुरुंग काढायला लावलं.

आमच्या गल्लीत घरचा माणूस समुद्रावर निघायचा, त्या दिवशी बायका धुणं काढत नसत. धुणं काढलं की माणूस वाहून जातो, म्हणत. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी आयव्हीने टबात पाणी ओतलं आणि विचारलं, "आज निघायचं नाही ना रे? खरं सांग."

"कुठलं निघतोय! बोटीचा बॉयलर बिघडलाय," सिरिल म्हणाला. "भिजव तो स्वेटर. रस्त्यातली मांजरं मागे लागतात माझ्या."

"चला, मांजरांना तरी आवडतोस!" ती हसली आणि तिने मला पाण्यात बुडवलं.

मला मात्र ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी कप्तानाने निघायचा हुकूम ऐकवला, तेव्हा मी सिरिलच्या अंगावरच होतो.

दुपारी त्याने खलाशाची टोपी घातली आणि दाराकडे निघाला. आयव्हीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मला दोरीवरून ओढलं आणि ती वेड्यासारखी पिळायला लागली. सिरिलने माझी ओली बाही धरली. "राहू दे गं. वाळला की घालीन."

चौथ्या दिवशी ट्रॉलर पाणसुरुंगावर आदळून फुटला. सिरिल परत आला नाही.

"मीच त्याला धुऊन टाकलं," आयव्ही म्हणायची. कुणी कितीही समजावलं तरी ऐकायची नाही. मला तिने कपाटाच्या तळाशी कोंबलं. मासळीच्या कारखान्यात राबून तिने पदरातली लहान मुलगी वाढवली, पण सोमवारी तिच्या घरी पुन्हा धुणं निघालं नाही. चाळीस वर्षं! सगळं ठाऊक असून तोंड नसणं, याहून वाईट शिक्षा कोणती?

मग नात जॅनेट घराण्याचा इतिहास लिहायला बसली. त्या ट्रॉलरवरचा वाचलेला स्वयंपाकी तिने शोधून काढला. त्याचं पत्र तिने आजीला वाचून दाखवलं: "हुकूम आदल्या दिवशीच आला होता. सिरिल म्हणाला, ‘घरी सांगितलं तर ती सकाळभर रडेल. मला तिच्यासोबत एक साधी सकाळ हवी आहे.’"

आयव्हीने ते पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग उठली, मला बाहेर काढलं आणि गदागदा हलवलं.

"मेल्या! लबाडा! सांगायचं होतंस! चाळीस वर्षं मीच तुला मारलं असं मानून जगले रे!"

ती खूप रडली. मग तिने टबात कोमट पाणी ओतलं. त्या दिवशी सोमवारच होता.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांच्या मनात काय सलतंय ते वेळेवर विचारा. आणि निघताना खरं सांगून निघा. रडणं परवडतं.

मी आता दोरीवर आहे. बाह्यांत वारा भरतो आहे. संध्याकाळपर्यंत वाळेन. वाळला की घालीन, म्हणाला होता तो.