कोमट चिमटा

पानाच्या पेशीत देवाने पाणी भरून ठेवलं, त्यावर ती जगते. गोठवताना मात्र तेच पाणी वैरी होतं. गार व्हायला उशीर झाला की त्याच्या बर्फाच्या सुया होतात, आणि पेशीचं घर आतूनच फाटतं.

थोरल्या जावेची उमर प्रयोगशाळेत पानाच्या चकत्या सरळ द्रव नायट्रोजनमध्ये बुडवण्यात गेली. चकती पडली की नायट्रोजन उकळायचा, तिला वाफेची गोधडी पांघरायचा. तेवढ्यात सुया आपलं काम उरकायच्या. मायक्रोस्कोपखाली चाळणी दिसायची. "असंच असतं," ती म्हणायची, आणि सगळे मानायचे.

मग तिची धाकटी जाऊ त्याच प्रयोगशाळेत लागली. तिने नायट्रोजनमध्ये छोटी वाटी ठेवली, वाटीत इथेन वायू गार करून पातळ केला आणि चकती त्यात सोडली. ना उकळी, ना वाफ. पेशी अशा, जणू पान अजून देठावरच आहे.

प्रयोगशाळेच्या बाई बघतच राहिल्या. "उद्या फोटोत अशाच आल्या, तर गोठवण्याचं टेबल हिच्याकडे."

मत्सराने माणूस जळतं म्हणतात. थोरली गोठत चालली होती, सावकाश. घरी सासूबाईंच्या तोंडी हिचंच कौतुक, आता इथेही!

"जाऊबाई, माझी भाजी घ्या ना," जेवताना धाकटी म्हणाली.

"नको गं बाई. तुझं सगळंच गोड, मला सोसत नाही."

धाकटी हात धुवायला गेली. थोरलीने तिच्या गोठवलेल्या चकतीच्या डबीचं झाकण काढलं. टेबलावरचा चिमटा उचलला, गार न करताच चकतीला टेकवला. झाकण लावलं. वरून काहीच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोटोत चाळणी.

"म्हणजे काल नशीबच होतं," बाई म्हणाल्या.

धाकटीचे डोळे भरले. "माझंच चुकलं. चिमटा गार करायला विसरले असेन. कोमट चिमटा टेकला की गोठलेलं पाणीही सुया धरतं, हे जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मीच वेंधळी."

रडतानाही मेली माझाच मोठेपणा सांगते! थोरलीला त्याचाही हेवा वाटला. एवढं स्वच्छ मन हिला कुठून मिळालं?

"ती नाही विसरली," तिच्या तोंडून निघून गेलं. "चिमटा मी लावला. मुद्दाम."

थोरलीने आपल्या डब्या उचलल्या, टेबल मोकळं केलं.

"बघत काय उभी राहिलीस? नवी चकती घे. चिमटा आधी नायट्रोजनमध्ये बुडव." मग मान न वळवता, "आणि आज भाजी कुठली आणलीस?"