रविवारची निम्मी गोळी

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असं म्हणतात. डॉक्टरीणबाईंचा अनुभव उलटा होता. त्यांच्याकडचे आजार मुंगीच्या पावलांनी येत आणि बिऱ्हाड थाटून बसत. बोटांच्या पेरांत, मनगटात, घोट्यात. त्यांना हाकलता येत नसे, फार तर गप्प बसवता येई. संधिवाताला गप्प बसवण्यात उमर गेली आणि बाई आता थकल्या होत्या. दुपार झाली की पेशंटच्या आधी त्याच सुस्कारा सोडत. मग स्वतःचाच राग येऊन उगाच दोन प्रश्न जास्त विचारत.

त्यांच्या टेबलावर लिमलेटची काचेची बरणी असे, झाकण घट्ट फिरवलेली. येणाऱ्या प्रत्येकानं ती उघडून दाखवायची. उघडली तर एक लिमलेट त्याचं. रक्ताचे रिपोर्ट काय सांगायचं ते सांगोत, बाईंचा विश्वास या बरणीवर जास्त.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी शिंपीणबाई आल्या, नेहमीप्रमाणे नवऱ्याला घेऊन. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. एकाच दुकानात एका बाजूला हिचं शिलाई मशीन आणि दुसऱ्या बाजूला त्याचं भिंग, असा दोघांचा संसार झाला होता. आता मशीन झाकून ठेवलेलं होतं. सकाळी उठल्यावर शिंपीणबाईंची मूठ मिटत नसे, सुईत दोरा ओवणं तर दूरच.

"कसं काय, मावशी?"

"आहे तसंच आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!" म्हणत त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

बाईंनी एकेक सांधा दाबून पाहिला. गरम, सुजलेला, भिजवलेल्या कणकेसारखा मऊ. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी त्यांनी दोनदा वाढवली होती. त्या गोळीनं कितीतरी हात निवलेले त्यांनी पाहिले होते, इथे मात्र ढिम्म. आता उरली ती भारी इंजेक्शनं. म्हणजे जंतुसंसर्गाची भीती आणि सारख्या तपासण्या. बाईंनी हात टेकले होते. लिहून टाकावं आणि घरी जावं, असं त्यांना वाटत होतं.

"गोळी चुकवत नाही ना?"

"छे हो! रविवार चुकेल, गोळी नाही चुकायची."

बाईंनी बरणी पुढे सरकवली. शिंपीणबाईंनी जोर लावला, ओठ चावला, झाकण हललं नाही. मग रिवाजाप्रमाणे बरणी घड्याळजींकडे गेली. एरवी ते दोन बोटांनी झाकण काढत आणि "बायकोच्या वाटचं खाणं हेच माझं काम" असं म्हणत. आज त्यांनी बरणी छातीशी धरली, दम लागेपर्यंत पिळली, तेव्हा कुठे ती उघडली. लिमलेट तोंडात टाकलं आणि त्यांचा चेहरा पिळवटला. ते त्यांनी हळूच रुमालात काढून ठेवलं.

"काय झालं, काका?"

"काही नाही. आंबट आहे."

"आजवर गोड लागत होतं होय?"

"ह्यांचं तोंड आलंय हो," शिंपीणबाई म्हणाल्या. "धड जेवत नाहीत. मी म्हटलं, वय झालं, अन्नावरची वासना उडाली."

बाईंनी लेखणी ठेवली आणि बॅटरी उचलली. आतून सगळं तोंड सोलवटलेलं होतं. हातावर, मार नसताना, काळेनिळे डाग होते. असं तोंड बाई ओळखत होत्या. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली की असं होतं. पण गोळी तर बायकोची होती.

"काका, मावशींची गोळी तुम्ही खाता का?"

घड्याळजी छताकडे बघायला लागले. शिंपीणबाईच बोलल्या.

"औषधाच्या दुकानातला म्हणाला, ही कॅन्सरलापण देतात. मला ती तोंडात घालवेना. गोळी हातात घेऊन नुसती बसून राहिले. तेव्हा हे म्हणाले, आण इकडे. अर्धी तू, अर्धी मी. व्हायचं ते दोघांचं होऊ दे. माझ्या बोटांनी तुटत नाही, म्हणून हेच पात्यानं कापतात."

"आणि दुसऱ्या दिवशीची पिवळी गोळी?" ती पिवळी गोळी पहिलीचा त्रास होऊ नये म्हणूनच दिलेली होती.

"ती सगळी मीच घेते. हे म्हणाले, ताकदीची आहे, तुला हवी."

बाईंनी डोळे मिटले. प्रत्येक वेळी गोळी वाढवली, ती त्यांनी या म्हाताऱ्याच्याही पोटात वाढवली होती. त्यांना दुकानदाराचा राग आला, या दोघांचा आला आणि शेवटी स्वतःचा. पहिल्या दिवशी पुढची फाइल उघडता उघडता "छोटा डोस आहे, घाबरू नका" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. भ्यायलेल्या माणसाला घाबरू नका म्हणणं म्हणजे बहिऱ्याला ऐक म्हणणं.

"ह्यांचा तुकडा जरा मोठाच असायचा," शिंपीणबाई सांगत होत्या. "हात चुकतो आता ह्यांचा."

बाईंनी घड्याळजींकडे पाहिलं. जन्मभर केसाएवढे स्क्रू बसवलेला हात होता तो. घड्याळजींनी मान किंचित हलवली, बोलू नका म्हणून. बाईंनी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली.

रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी उरल्यासुरल्या होत्या; मूत्रपिंडं वयानं मंदावलेली, त्यामुळे थोडीशी गोळीही अंगात साचत गेली होती. घड्याळजींना लगेच दाखल केलं. रात्रीत ताप चढला. उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. ते वाचतील की नाही, हे बाईंनाही सांगता येत नव्हतं.

"मी ह्यांना विष घातलं का हो?" शिंपीणबाईंनी दारात गाठून विचारलं.

"चूक तिघांची आहे, मावशी. त्यातला मोठा तुकडा माझा."

शिंपीणबाईंनी त्या रविवारी गोळी घेतली नाही, पुढच्याही नाही. ज्या गोळीनं ह्यांचं असं केलं ती तोंडात घालणार नाही, म्हणाल्या. हात इतके सुजले की नवऱ्याला पाणी पाजायला पेला धरता येईना. नर्स पाजायची, आणि ह्या शेजारी बसून रडायच्या.

हळूहळू ताप उतरला, पेशी वाढल्या, घड्याळजी पातळसं काही गिळायला लागले. मग एका रविवारी, सुट्टी असूनही, बाई आल्या. खाट आणि खुर्ची यांच्यामध्ये स्टूल ओढून बसल्या. गोळी काय करते, काय करत नाही, कॅन्सरला किती देतात आणि मावशींना किती थोडी, रक्त कधी तपासायचं, काय झालं तर धावत यायचं, पहिल्या दिवशी सांगायचं राहून गेलेलं सगळं त्यांनी सांगितलं. शिंपीणबाईंनी तेच तेच पुन्हा विचारलं. बाईंनी तेच तेच पुन्हा सांगितलं. मग सबंध गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

शिंपीणबाईंनी ती उलटी करून पाहिली. आणि सवयीनं त्यांचा हात नवऱ्याकडे गेला, कापून द्या म्हणून.

घड्याळजींनी आपले दोन्ही हात चादरीखाली घातले.

"माझा हात चुकतो गं हल्ली," ते म्हणाले. "आता तूच घे, सबंध."

"तुमचा हात कधीच चुकला नव्हता," शिंपीणबाई म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. मी भ्यायले होते, म्हणून चालू दिलं."

आणि त्यांनी गोळी तोंडात टाकली. पेला बाईंनी धरला.