नितळबाबांची काचनळी

"गढूळ! बघा, पोरीच्या रक्तात बाधा कशी लोळतेय!"

नितळबाबांनी काचनळी वर धरली आणि सभागृह चिडीचूप झालं. नळीमागे रेघांचा कागद होता, पण एक रेघ दिसेल तर शपथ. बाबांनी नळी शालीत घेतली, डोळे पांढरे केले, घशातून घर्रघर्र आवाज काढला. नळी बाहेर आली तर काय, नितळ! रेघा लख्ख. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

शिंप्याने बाबांचे पाय धरले. पोर त्याचीच होती. सिकलसेल या रक्ताच्या रोगाने हाडं दुखायची, तेव्हा घर डोक्यावर घ्यायची बिचारी.

"गोळ्या बंद. तीन दिवस पाणी बंद," बाबा म्हणाले. "बाधा तहानेने मरेल."

बाधा मरायला होती कुठे? पोर मेली.

पुढच्या सभेत शिंपी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना घेऊनच घुसला. बाईंनी सरळ बाबांची शालच ओढली. आतल्या खिशातून दुसरी नळी टपकन पडली.

"हे निरोगी चेल्याचं रक्त, आधीच भरून ठेवलेलं," बाई कडाडल्या. "सिकलसेलचं रक्त नळीतल्या या द्रावणात गढूळ होतं, निरोगी रक्त नितळ राहतं. आमच्याकडे ही तपासणी फुकट होते. नळ्या आमच्या चोरल्या, चमत्कार मात्र याचा!"

"आमचीही झाली होती तपासणी, लग्नाआधी," शिंपी म्हणाला. "दोघांच्या चिठ्ठीवर 'वाहक'. आम्ही हसलो हो! म्हटलं, दोघंही कंडक्टर, मग गाडी कोण चालवणार?"

बाईंची मान खाली गेली. "वाहक म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण रोग पोरांकडे जाऊ शकतो. दोघं वाहक असले, की दर मुलाला हा रोग होण्याची चारात एक भीती असते."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तपासणीला निधी आला, समजावणाऱ्याच्या पगाराला नाही. जनजागृतीचे पैसे आमच्या खात्याच्या साहेबांच्या फोटोच्या फलकात गेले."

शिंपी लोकांकडे वळला. "हा लुच्चा आहेच. पण डोळे तर आपले होते ना? शालीत काय चाललंय, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. आता तरी विचारा! बाबाला विचारा, बाईंना विचारा, साहेबांना तर आधी विचारा. 'वाहक' चिठ्ठी कुणाकुणाकडे आहे?"

हात वर झाले. पहिल्या रांगेत लग्न ठरलेली एक जोडी होती. दोघांनी हात वर केले आणि मग एकमेकांचे पाहिले. मुलीने आपला हळूच खाली घेतला.

"लपवू नकोस गं, पोरी!" शिंप्याला रडू फुटलं. "यात लाज कसली? दोघं बसा डॉक्टरबाईंपुढे. सगळं विचारून घ्या, आणि मग काय ते ठरवा."