पूजा झालेलं पायपुसणं

मी एक पायपुसणं बोलतंय. हसा, हसून घ्या. दारात पडून लोकांच्या तळव्यांची माती खाणारं मी, आणि निघालंय आपली कहाणी सांगायला! पण माझ्यावर पाय पडला की जिन्यातले दिवे लागतात. तुमच्या घरच्या पायपुसण्यानं एवढं करून दाखवावं, मग मी गप्प बसेन.

मला घडवलं डॉ. पुष्पांजलीनं. चिखलीजवळच्या या गावातल्या निवृत्ती आणि गीताबाई या शेतकरी जोडप्याची ही लेक. अमरावतीला रसायनशास्त्र शिकली, पुण्यात पीएच.डी. केली, मग काही वर्षं कोरियात संशोधन केलं. वाया जाणारी ऊर्जा गोळा करायची, हा तिला एकच ध्यास. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच ती वीज. दोन वस्तू एकमेकींना टेकतात, सुटतात, आणि ती जन्माला येते. तिकडे त्यासाठी महागडे धातू आणि विषारी द्रावणं लागायची. पुष्पांजलीला ते पटेना. दिव्यासाठी नदी नासवायची असेल तर तो दिवा काय कामाचा, असं म्हणून ती परत आली. चांगली नोकरी सोडली म्हणून नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं.

मग माझा जन्म झाला. माझा एक थर गीताबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचा. दुसरा, फेकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांपासून केलेल्या पातळ पडद्याचा. दोन्हींच्या पाठीला काळी शाई, तिच्यातून वीज वाहते. ही शाई कशाची, माहीत आहे? पऱ्हाटीच्या कोळशाची, साध्या पाण्यात घोटलेली. कापूस वेचून झाल्यावर कपाशीची जी वाळकी झाडं बांधावर जाळतात, तीच ही पऱ्हाटी. माझ्याआधीची कितीतरी भावंडं फुसकी निघाली. कुणी दमट हवेत मान टाकली, कुणाची शाई चार दिवसांत सुटली. मी टिकलं. त्याचा मला माज आहे म्हणा हवं तर.

गावातल्या अभ्यासिकेचा जिना काळाकुट्ट, एक खिडकी नाही. पहिल्या पायरीच्या आधी मला अंथरलं. आठवड्याभरात पुण्याहून तज्ज्ञ येणार होते. तेव्हा जिना उजळलेला दिसला तर गावोगावच्या शाळांसाठी माझ्यासारखी पायपुसणी बनणार होती. नाहीतर पुष्पांजलीचा प्रयोग तिथेच बंद.

उद्घाटनाला गीताबाई ताट घेऊन आल्या. हळद-कुंकू, अक्षता, आणि नारळ फोडून त्याचं पाणी थेट माझ्यावर. लेक "आई, थांब" म्हणेपर्यंत मी चिंब. ओल्या अंगात माझी वीज टिकत नाही. पुष्पांजलीनं मला दोन दिवस उन्हात वाळवलं आणि परत आणून ठेवलं.

खरी पंचाईत पुढेच होती. मी ठणठणीत कोरडं, पण पाय ठेवायला कोणी तयार होईना. पोरंपोरी चपला लांब काढायची, मला हात जोडायची आणि उडी मारून थेट दुसरी पायरी गाठायची. वडीलधारी माणसं भिंतीला धरून वळसा घालायची. माझ्यावर झेंडूची फुलं साचली. ज्याचा जन्मच पायांसाठी, त्याचा लोकांनी देव केला. असला मान वैऱ्यालाही मिळू नये. एकट्या पुष्पांजलीच्या पावलांनी सारा जिना थोडाच उजळणार? जिन्यात अंधार तो अंधारच.

तज्ज्ञांचं येणं उद्यावर आलं, तेव्हा पुष्पांजली संध्याकाळी पायरीवर डोकं धरून बसली. गीताबाई तिला शोधत आल्या.

"काऊन वं, जेवाले आली नाही?"

"आई, लोकायले सांग ना यावर पाय ठेवा म्हणून. उद्या दिवे नाही लागले तर सारं संपलं."

"पूजा केली मी त्याची. पाय कसा ठिवतीन कोणी?"

पुष्पांजलीनं डोकं वर केलं. मग म्हणाली, "दसऱ्याले ट्रॅक्टरची पूजा करते नं तू? मंग बाबा बसत नाहीत त्याच्यावर?"

"बसतात. पण आंधी पाया पडतात, मंग..." गीताबाई बोलता बोलता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ आले, अर्धं गाव जमलं. अंधारा जिना पाहून पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात गीताबाई पुढे झाल्या. फुलं उचलून ओच्यात घेतली, वाकून मला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि भेगाळलेला उजवा पाय माझ्यावर ठेवला. जे लुगडं त्यांनी वर्षानुवर्षं नेसलं, त्याच लुगड्यावर. खालचा दिवा लुकलुकला. मागून निवृत्तीबाबा आले, मग पोरांची रांग लागली. जो तो वाकायचा आणि पाय द्यायचा. बघता बघता वरच्या पायरीपर्यंत उजेड गेला. शेवटी पुण्याचे साहेबही वाकले. पुष्पांजली भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो अजून उतरलेला नाही.

आता माझी धाकटी भावंडं पार जळगाव जामोदच्या शाळांत दिवे लावतात. माझी शाई विरळ झालीय, कडा उसवल्यात. पुण्याची मंडळी म्हणाली, पहिलं पायपुसणं काचेच्या पेटीत जपून ठेवू. पुष्पांजलीनं नाही म्हटलं. "पेटीत ठेवलं की कोणीतरी परत फुलं वाहीन," ती म्हणाली. गीताबाई खळखळून हसल्या, आणि सुई-दोरा घेऊन माझी कड शिवायला बसल्या.

म्हणून मी अजून त्याच जिन्यापाशी आहे. कधी आलात तर वाका, नका वाकू, तुमची मर्जी. फक्त उडी मारून जाऊ नका.