गाळलेला आवाज

वऱ्हाडी बोली कॉम्प्युटरला पहिल्यांदा शिकवली ती अमरावतीच्या मंजुषाबाईंनी. पुण्याचे विद्वान तेव्हा हसले होते. पुढे त्यांनीच बाईंना शाली पांघरल्या. पण अकोल्याच्या दवाखान्यात बाईंच्या नवऱ्याचं, उत्तमरावांचं, स्वरयंत्र काढलं आणि मग त्या शालींना कोण विचारतो!

"आई, बाबाचा जुना आवाज पाह्यजे," मुलगी वर्षाली म्हणाली. तीही याच धंद्यातली. "अर्धा तास आवाज भेटला तरी मशीन त्यायच्याच आवाजात बोलते."

मोबाईलमध्ये होती ती आजारातली घरघर. लग्नाच्या व्हिडिओत नुसता बँड. तरी बाई निर्धास्त होत्या. दर्यापूरकडची गावंच्या गावं त्यांनी टेप केली होती, आणि दर वेळी शेजारी उत्तमराव होते. अनोळखी शिकल्यासवरल्या बाईपुढे कोण तोंड उघडणार? हे गृहस्थ चहा मागायचे, थट्टा करायचे, मग कुठे गाव बोलायला लागायचं.

बाई दुपारभर ऐकत बसल्या. उत्तमराव कुठेच नव्हते.

मग आठवलं. नमुन्यात फक्त गावकऱ्यांचा आवाज हवा, म्हणून कॉम्प्युटरवर घेताना नवऱ्याचा शब्द न् शब्द त्यांनीच पुसला होता. तिथे आता कोरी जागा. मूळ टेपा पुसून त्यांवर पुढची गावं भरली होती. काम कसं अगदी चोख!

"एखादं तरी वाक्य ठेवाचं होतं वं आई!" वर्षाली रडकुंडीला आली.

"मले काय माहीत! हा माणूस कधी चूप बसते काय?" बाई ओरडल्या.

गलका ऐकून उत्तमराव बाहेर आले, गळ्याला पट्टी बांधलेली. त्यांनी खूण केली, लाव. बाईंनी लावलं. आधी नुसती कोरी जागा सरली, मग मनकर्णाबाई नावाची कधीच वारलेली म्हातारी खळखळून हसली. "नाई जी, सुनेनं नाई, म्याच केलं भरीत." पुन्हा कोरी जागा. तिथे उत्तमरावांचे ओठ हलले. आपला प्रश्न त्यांना आठवत होता! "घ्या ना जी अजून, लाजता कायले?" म्हातारी म्हणाली.

बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. पुढच्या कोऱ्या जागेत ओठ पुन्हा हलले. बाई टक लावून पाहत होत्या, पण नवरा काय बोलला ते त्यांना ओळखू येईना.

"अवो, मले नाई समजलं," त्या रडत म्हणाल्या. "परत सांगा ना. परत सांगा."