आटलेली फरशी

आमच्या ऑफिसातली फरशी आटते. जिथं कुणी चालत नाही, तिथली आधी आटते. पहिल्यांदा झेरॉक्स मशीनपाशी आटली, कारण कागद काढायचे बंद झाले आणि तिकडं जायला कुणाला निमित्त उरलं नाही. मग जो तो स्वतःची पाण्याची बाटली टेबलावर ठेवू लागला, तेव्हा पाण्याच्या मशीनसमोरची गेली. खिडकीखालची कधी गेली ते कळलंही नाही. बाहेर बघतंय कोण?

फरशी आटली म्हणून खड्डा पडत नाही, की खालचा मजला दिसत नाही. तिथं पांढुरकं काहीतरी उरतं आणि त्यावर पाय टेकत नाही. जिन्याला अजून एक पायरी आहे हे लक्षात नसलं की पाय जसा हवेत जातो, तसा जातो. फक्त इथं तो जातच राहतो. मी एकदा घोट्यापर्यंत घालून पाहिला आणि काढून घेतला.

टेबलं-खुर्च्या शहाण्या आहेत. फरशी आटायला लागली की त्या माणसांसकट सरकतात आणि उरलेल्या फरशीवर येऊन उभ्या राहतात. माणसांना त्याचं काहीच वाटत नाही.

“वापरात नाही ती जागा ठेवून करायचंय काय?” गुंजाळसाहेब म्हणाले. ते आमचे मॅनेजर.

“साहेब, दारापर्यंतची गेली तर घरी कसं जाणार?”

“जाऊ की. हातातलं एवढं होऊ दे.”

सगळे हेच म्हणतात. आम्ही नऊ जण विम्याचे दावे तपासतो आणि त्यातल्या आठांच्या हातातलं कधीच होत नाही. डबे ते फोनवर मागवतात, ते खिडकीतून आपोआप आत येतात. झोप म्हणे खुर्चीतच छान लागते. घरी जाणं त्यांनी सोडलेलं नाही, उद्या जाणार आहेत.

मी मात्र चालते. फोन आला की उठते आणि बोलत बोलत दारापर्यंत जाऊन येते. पाणी दाराशेजारच्या बेसिनवर जाऊन पेल्यानं पिते, म्हणजे तहान लागली की उठावंच लागतं. कुणाला काही सांगायचं असलं तर मेसेज करत नाही, त्याच्यापाशी जाऊन तोंडानं सांगते. शेजारच्या फडतऱ्यांना याची फार गंमत वाटते. फडतरे बसल्या जागी रुंद होत गेलेले गृहस्थ आहेत.

“शिरोळेबाई, एवढ्या फेऱ्या मारून देव पावणार आहे का?”

“देव नकोय. दार पाहिजे.”

माझ्या फेऱ्यांमुळे टेबलांपासून दारापर्यंतचा पट्टा टिकून होता. रात्री मी घरी गेले की तो आकसायचा. सकाळी आल्यावर मी आधी त्याच्या कडा तुडवायचे. तुडवली की फरशी थोडी परत येते. हे मी सगळ्यांना दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

मग मंगळवारी माझ्या उजव्या गुडघ्यानं संप पुकारला. लंगडत लंगडत मी जितकं तुडवत होते, त्याच्या दुप्पट आटत होतं. एकटीनं हे निभणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी रेवतीकडे गेले. ती आमच्यात सगळ्यात लहान, गेल्या वर्षी लागलेली. आली तेव्हा जिन्यावरून उड्या मारत यायची.

“रेवती, ऊठ गं. दारापर्यंत चल माझ्याबरोबर.”

“ताई, मला उठायचंय हो. पण आधी काय हलवायचं तेच आठवत नाहीये.”

टेबलाखाली तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीकडे बघावं तसं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. सव्वीस वर्षांची पोर ही.

आज सकाळी टेबलं राहिली नाहीत. त्यांच्यापुरती फरशीच नव्हती. लॅपटॉप मांडीवर आले आणि खुर्च्या सरकत सरकत एका रांगेत आल्या. गुडघ्याला गुडघा लागायला लागला, म्हणून एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून वळली, पुढची खिडकीकडे, त्यापुढची पुन्हा भिंतीकडे. आठ खुर्च्या, एक रांग. एका टोकाला ऑफिसचा खांब, दुसऱ्या टोकाला दाराची चौकट. भिंतीच्या बाजूनं तेवढा एक पट्टा उरला होता आणि त्यावर मी उभी होते.

मी बघतच राहिले. ही रांग मी ओळखते. इचलकरंजीला शाळेत असताना खो-खोमध्ये जिल्ह्यापर्यंत खेळलेय मी. बसलेल्यानं खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं. इतके दिवस यांना कुणी खो दिलाच नव्हता, आणि मी मूर्खासारखी नुसती “ऊठ, ऊठ” करत होते. “ऊठ” म्हटल्यावर कुणी उठतं का?

पळणारा गडी कोण, तेही माझ्या लक्षात आलं. फरशी पळत होती आणि आम्ही इतके दिवस तिला पळू देत होतो.

खो देणाऱ्यानं त्याच जागी बसायचं असतं. हाही नियम मला पाठ होता.

“शिरोळेबाई,” गुंजाळसाहेब मान न वळवता म्हणाले, “जायचं तर आत्ताच निघा. उद्या वाट असेलच असं नाही.” ते मनापासून सांगत होते. दार समोर होतं. लंगडत का होईना, मी पोचले असते.

“मी जाणार नाही,” मी म्हणाले. “आणि बसलेच तर माझ्या मर्जीनं बसेन.”

चपला काढल्या, पदर खोचला आणि पळाले. गुडघा बोंबलत होता, त्याला बोंबलू दिलं. मला रेवतीला उठवायचं होतं. पण तिचं तोंड माझ्या बाजूला होतं आणि तोंडाला खो देता येत नाही, फाऊल होतो. खांबाला वळसा घालून तिच्या पाठीमागं जावं, तर पलीकडं फरशीच नव्हती. वळून पाहिलं, तर मागची गेली होती. पुढचीही गेली. माझ्या हाताशी एकच पाठ उरली होती, चौकड्याच्या शर्टातली, फडतऱ्यांची.

या माणसानं सप्तपदीसुद्धा बसूनच केली असेल. पण पाठ ती पाठ.

“बाई, काय करताय?”

“उठायच्या तयारीत राहा.”

“मला नाही जमायचं हो.”

“जमेल का, असं मी विचारलेलं नाही.”

तळहात जोरात त्यांच्या पाठीवर मारला आणि ओरडले, “खो!”

फडतरे उठले. त्यांची हाडं सुक्या काटक्यांसारखी वाजली, लॅपटॉप पांढऱ्यात पडला आणि त्याचा आवाजही आला नाही. पुढं फरशी नव्हती. त्यांनी तरीही पाय टाकला. आधी पाय पडला, मग त्याखाली फरशी आली.

“आता?” त्यांनी विचारलं. लहान मुलासारखा घाबरलेला चेहरा झाला होता त्यांचा.

“पळा. पाठ दिसेल त्याला खो द्या. तोंडाला देऊ नका. आणि रेवतीला विसरू नका.”

ते पळाले. वाईटच पळाले, पण पळाले. मी त्यांच्या खुर्चीत बसले.

खुर्ची गरम आहे. मऊ तर इतकी आहे की कुणालाही इथंच राहावंसं वाटेल. मी टेकलेले नाही. कडेवर बसून टाचा उचलून धरल्या आहेत, उजवा पाय पुढं, डावा मागं. माझ्यासमोर सगळं पांढरं आहे. मागं बघायचं नसतं.

बराच वेळ जड पावलं ऐकू येत होती. मग ती थांबली. इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मी फडतऱ्यांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. मग लांबून, घसा बसलेल्या आवाजात, “खो” ऐकू आलं. त्यानंतर दुसरीच पावलं. कुणाची ते ओळखता आलं नाही. इथं कुणाच्याच पावलांचा आवाज माझ्या ओळखीचा नाही.

माझी डावी टाच कुठं आहे ते आता नीट कळत नाही. उजवा पुढं, डावा मागं, असं मी मोठ्यानं म्हणते आहे. खुर्चीखालची फरशी कडेनं पांढरी होत आली आहे.

पाठीमागं कुणीतरी धापा टाकत येऊन थांबलं आहे. मी पदर पुढं ओढून पाठ मोकळी केली.